खंडेनवमीचा दोरा

तासगाव,
८ सप्टेंबर २०२५

सौ. नलिनी,

आशीर्वाद. नंदू या पत्राचा फोटो काढून तुझ्या फोनवर टाकेल. उत्तर मात्र तू कागदावरच लिही. तुझ्या पत्राचा फोटो आला की तो झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून आणतो, मग मी ते कट्ट्यावर बसून निवांत वाचतो. फोनवर बोलून उपयोग नाही. परवा सदाने फोन केला तर मी नुसतं काय, काय करत बसलो, शेवटी त्यानेच दमून ठेवला. रंध्याच्या मशीनने माझे कान खाल्ले. कानातलं यंत्र लावलं तर नंदूच्या कटरचा आवाज थेट डोक्यात शिरतो, म्हणून ते ड्रॉवरमध्ये ठेवलंय. धाकटा नंदू कारखान्यात, थोरला सदा परदेशात, मी आपला मधे बहिरा.

कामाचं लिहितो. खंडेनवमी जवळ आली. तुझ्या शेजारणीची, लीनाची आई सांगलीहून तिकडे निघाली आहे. तिच्याकडे नाडाछडी, पूजेचा लाल-पिवळा दोरा, दिली आहे. गेल्या वर्षी सदाने पटाशी, करवत आणि हातरंधा एवढंच पूजेला मांडलं होतं. नातवाने, विहानने पाठवलेल्या फोटोत मला सगळं दिसलं. मशिनं मागे गॅरेजमध्ये तशीच पडली होती. का? मशीन झालं म्हणून ते अवजार नाही? ज्याच्यावर आपण जेवतो ते अवजार. तो रोज ज्या खिळ्यांच्या बंदुकीने घरं उभी करतो, तिला पहिला दोरा बांधायचा. आणि दोरा आपोआप तुटेपर्यंत काढायचा नाही. माझ्या वडिलांनी काढला नाही, मी काढला नाही.

आपल्या घरातला हा पहिलाच सुतार जो एवढ्या लांब जाऊन लोकांची घरं बांधतोय. तिथे त्याला ना भावकी, ना गाव. तेवढा दोरा तरी पाठीशी असू दे.

घाबरू नका.
अण्णा


टार्निट,
२१ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा,

नमस्कार. दोरा मिळाला. लीनाच्या आईने तो एअरपोर्टवर डिक्लेअर केला आणि तिथल्या माणसाला बाई समजावत बसल्या की हा खायचा नाही, बांधायचा आहे. लीना अजून हसते आहे.

तुम्ही घाबरू नका लिहिता, पण मी घाबरते अण्णा, खोटं कशाला सांगू? आमच्या गल्लीत सगळे आयटीवाले. त्यांची माणसं घरी बसून काम करतात, पाठ दुखली तर नवी खुर्ची मागवतात. माझा माणूस पहाटे बूट घालून जातो आणि दिवसभर दुमजली घराच्या सांगाड्यावर चढलेला असतो. इथे घर म्हणजे आधी नुसता लाकडाचा पिंजरा, विटा नंतर बाहेरून लावतात. वारा सुटला की मी चाइल्डकेअरमध्ये पोरांना झोपवता झोपवता खिडकीबाहेर बघते. अनोळखी नंबर दिसला की पोरांना सोडून आधी फोन उचलते.

त्यात त्या कागदांचं टांगलेलं. ग्रेग, म्हणजे ह्यांचा मालक, फेब्रुवारीत आमचे कायम राहण्याचे कागद भरणार आहे. तोपर्यंत आमचा व्हिसा त्याच्याकडच्या नोकरीवर. काम सुटलं तर दुसरा मालक शोधायला थोडेच महिने मिळतात, नाही मिळाला तर सामान बांधा. विहान इथे तिसरीत आहे. त्याला आता मराठी वाचायला लावलं की "मम्मा, टू हार्ड" म्हणतो. त्याला परत नेऊन तासगावच्या शाळेत कसं बसवू? म्हणून फेब्रुवारीपर्यंत ह्यांना शिंक आली तरी मला भीती वाटते.

पूजा करते, मशीनसकट. तुमची नलिनी.

(खाली सदानंदच्या अक्षरात, शेजारी छपराच्या जोडाचं छोटं चित्र)
अण्णा, हा जोड इथे लोखंडी पट्टीने करतात. तुम्ही बघितला असता तर शिव्या घातल्या असत्या. बंदुकीला दोरा बांधतो. — सदा


तासगाव,
४ ऑक्टोबर २०२५

नलिनी,

फोटो बघितला. आता कसं बरं दिसतं. बंदुकीच्या मुठीला दोरा, वर झेंडूचं फूल. माझा जीव भांड्यात पडला. तो लोखंडी पट्टीचा जोड म्हणजे निव्वळ आळस आहे असं सदाला सांग.

नंदूने या वर्षी कटरला दोरा बांधायचा कंटाळा केला होता. मी बांधायला लावला.

घाबरू नका.
अण्णा


टार्निट,
१९ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा,

नमस्कार. दिवाळीचा फराळ केला. चकल्या बऱ्या झाल्या, अनारसे तेलात विरघळले. इथे ऋतू उलटे, आता ऐन वसंत आहे, मॅगपाय नावाचे पक्षी घरटं सांभाळायला लोकांच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून विहान शाळेत हेल्मेट घालून जातो. लीनाकडे पहिल्या दिवशी सगळे जमलो होतो.

ह्यांना जरा ताप होता, आता उतरला आहे. कामही खूप आहे. म्हणून या वेळी त्यांनी खाली काही लिहिलं नाही. काळजी करू नका.

नलिनी


तासगाव,
२७ ऑक्टोबर २०२५

नलिनी,

पत्र मिळालं. पक्ष्यांचं लिहिलंस, अनारशांचं लिहिलंस, नवऱ्याबद्दल दीड ओळ.

सदा सहा वर्षांत एकदाही माझ्यासाठी दोन ओळी लिहिल्याशिवाय राहिला नाही. करोना झाला होता तेव्हासुद्धा त्याने खाटेवरून खुर्चीचं चित्र काढून पाठवलं होतं. तापाने माणसाचा हात धरून ठेवला जात नाही. नंदूला विचारलं तर तो माझ्याकडे बघत नाही, फळीकडे बघून बोलतो. मला ऐकू येत नाही, पण तोंडं वाचता येतात. काल तुमचं फोनवर बोलणं झालं, नंतर तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

मी म्हातारा आहे, लहान मूल नाही. काय झालंय ते लिही. तो पडला का? काम सुटलं का? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. मी इथे बसून जे जे मनात आणतोय ते खऱ्यापेक्षा वाईट असणार, एवढं तरी समजून घे.

अण्णा


टार्निट,
२ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,

माझं चुकलं. सांगते.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात साइटवर ह्यांच्या डाव्या हातात खिळा गेला. बंदुकीतून. शिडीवर होते, बंदुकीतून खिळा सुटला आणि तळहातातून आरपार गेला. ते खाली पडले नाहीत, ही देवाची कृपा. ग्रेगने स्वतः हॉस्पिटलमध्ये नेलं. मला चाइल्डकेअरमध्ये अनोळखी नंबरवरूनच फोन आला. लीनाने मीटिंग अर्धी टाकून गाडी काढली. टार्निट ते हॉस्पिटल किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशन झालं. हाड वाचलं, पण अंगठ्याशेजारच्या पहिल्या बोटाची शीर, म्हणजे ते बोट वाकवणारी दोरी, तुटली होती ती जोडली आहे. हाताला प्लास्टिकचा साचा आहे. डॉक्टर म्हणतात, नवीन वर्षापर्यंत काही सांगता येणार नाही. बोट वळेल, किती वळेल ते माहीत नाही. डाव्या हातात पटाशी नीट धरता आली नाही तर सुताराचं काय राहिलं, हे तुम्हाला मी काय सांगू.

ग्रेग रोज मेसेज करत होता, आता करत नाही. कागदांचं नाव काढत नाही. आम्हीही काढत नाही. घरात सगळे हळू बोलतो. हे दिवसभर मागच्या दारात बसून असतात. लिहा म्हटलं तर म्हणाले, "अण्णांना खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहवत नाही."

माझ्यावर रागवा, त्यांच्यावर नको.

नलिनी


तासगाव,
९ नोव्हेंबर २०२५

नलिनी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. नंतर कारखान्यात जाऊन बसलो.

आता माझं ऐक. मला राग आलाय आणि मी तो गिळणार नाही. फोटोपुरता दोरा बांधला आणि कामावर जाताना काढून टाकला, असंच झालं असणार. गोऱ्या लोकांत दोरा बांधलेलं अवजार न्यायची लाज वाटली असेल. फोरमन हसला असेल. मी काय उगाच सांगत होतो? माझ्या आयुष्यात करवतीखाली माझं एक बोट गेलं नाही. का गेलं नाही? मी नियम सोडला नाही म्हणून. तुम्ही लोक तिकडे गेलात की आधी हे सोडता, मग रडता.

त्याला विचार. दोरा होता का नव्हता, एवढंच विचार आणि लिही.

त्याच्या हाताला काय देतात? कोमट तेल लाव. माझ्या डोळ्यासमोरून तो हात हलत नाही. त्याला पहिल्यांदा पटाशी धरायला शिकवली तेव्हा त्याच हातावर माझा हात होता.

अण्णा


टार्निट,
१६ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

दोरा होता. कामावर होता. त्या दिवशीही होता.

तेल लावते. यापुढे दोऱ्याचं विचारू नका, माझी विनंती आहे.

नलिनी


तासगाव,
३० नोव्हेंबर २०२५

नलिनी,

तुझं पत्र एवढंसं होतं. एवढंसं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. तू विचारू नका लिहिलंस, म्हणून तुला विचारलं नाही. नंदूलाही विचारलं नाही. पण माणूस सांगत नसेल तर अवजाराला विचारायचं.

सांगलीच्या एमआयडीसीत सोफे बनवणारा एक ओळखीचा आहे, चंद्रहास. त्याच्याकडे हवेवर चालणारी तशी बंदूक आहे. गुरुवारी एसटीने गेलो. त्याला म्हटलं, मला ही हातात घेऊन बघायची आहे. त्याने नळी जोडून दाखवली. पुढचं नाक लाकडावर दाबायचं आणि घोडा ओढायचा, दोन्ही झालं तरच खिळा सुटतो. एकाने सुटत नाही. चांगली अक्कल लावून केलेलं यंत्र आहे, मला आवडलं.

मग मी खिशातून नाडाछडी काढली. सदाने फोटोत बांधली होती तशीच मुठीला बांधली. चंद्रहास म्हणाला, आजोबा, हे काय? मी म्हटलं, गप बस. लाकडावर खिळे मारत राहिलो. हाताला घाम आला, दोरा ओला झाला, सैल झाला आणि मुठीवरून खाली घसरला. घोड्यावर जाऊन बसला. मी मूठ आवळली तसा तो ताणला गेला आणि घोडा आत ओढूनच राहिला. माझं बोट घोड्यावर नव्हतं. मी नाक नुसतं फळीला टेकवलं. खिळा सुटला.

चंद्रहासने हातातून बंदूक काढून घेतली आणि मला पाणी दिलं.

हे तुला माहीत होतं. सदाला माहीत होतं. नंदूला माहीत होतं. एक मीच नियम, नियम करत बसलो होतो. तू लपवलंस त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझ्या दोऱ्याने त्याचा हात फोडला आणि वर मी तुलाच बोललो, ते तू मुकाट्याने ऐकून घेतलंस, त्याचं वाईट वाटतंय. लाज वाटतेय, असंच लिहितो.

माझ्या वडिलांनी तो नियम पटाशीसाठी केला होता. पटाशीला घोडा नसतो. हे मला कळायला हवं होतं. सुतार म्हणवून घेतो मी.

नंदूच्या कटरचा दोरा आल्या आल्या कापला. तो स्विच बंद करून बाजूला झाला.

सदा माझ्यावर रागावला असेल तर रागावू दे. पण त्याला लिहायला सांग. शिव्या लिहिल्या तरी चालतील.

अण्णा


टार्निट,
१८ जानेवारी २०२६

ती. अण्णा,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला चांगलं काही नव्हतं आणि तुम्हाला आणखी वाईट लिहायची माझी तयारी नव्हती. तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं नाही, हातात दिलं. ते घेऊन मागच्या दारात गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि पहिल्यांदा म्हणाले, कणीक दे.

कणकेचं सांगते. फिजिओने दाबायला रबरासारखा गोळा दिला होता, त्याला हे हात लावायचे नाहीत. मी कणीक दिली. महिनाभर आमच्या पोळ्यांची कणीक हेच मळताहेत. आधी चार बोटं नुसती वरून फिरायची. आता मुठीत येते. पहिलं बोट पूर्ण वळत नाही, वळणारही नाही असं डॉक्टर म्हणतात, पण पटाशी धरता येते. परवा गॅरेजमध्ये धरून बघितली. मी दाराआडून बघत होते, विहान माझ्या मागून "इज ही ओके?" विचारत होता.

तो दोरा अजून माझ्याकडे आहे. ग्रेगने बंदुकीवरून कापून माझ्या हातात दिला होता. टाकवला नाही, देवाजवळ ठेवावासाही वाटला नाही. हळदीच्या डब्यामागे आहे.

गेल्या आठवड्यात ग्रेग घरी आला. मला वाटलं, संपलं. मी चहा टाकला आणि किचनमध्येच उभी राहिले, बाहेर जायचं धाडस होईना. तो ह्यांना म्हणाला, "मेट, छपरावर तुला परत चढवणार नाही." मी गॅस बंद केला. मग म्हणाला, दारं आणि चौकटी बसवायला त्याला हाताने काम करणारा माणूस हवाय, खालचं काम, फेब्रुवारीपासून ये. कागद भरतो म्हणाला. मंजूर व्हायला किती वेळ लागेल ते कोणी सांगत नाही, म्हणजे अजून भीती आहेच. पण सामान बांधायची भीती नाही.

पुढचं ते स्वतः लिहितात. माझी बोटं दुखली.

नलिनी

(खाली सदानंदच्या अक्षरात)
अण्णा,

रागावलो नाही. तुम्हाला वाटतंय दोरा तुमचा होता म्हणून हात तुम्ही फोडला. तसं नाही. ते सांगायलाच एवढे दिवस लागले.

मला त्या बंदुकीची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. तुम्हाला कधी लिहिलं नाही. शिडीवर चढताना मी दर वेळी तिची हवेची नळी काढून ठेवायचो, वर गेलो की परत जोडायचो. बाकीचे हसायचे, वेळ जातो म्हणायचे. नळी नसली की घोडा ओढला काय, न ओढला काय, खिळा सुटत नाही. सहा वर्षं मी तेवढ्या भीतीवर निभावलो.

तुम्ही दोरा पाठवला, मी बांधला आणि अण्णा, खरंच भीती गेली. इतकं बरं वाटलं. तुमचा हात पाठीवर असल्यासारखं वाटलं. ग्रेगने दोन वेळा सांगितलं, तो दोरा काढ. मी नो वरीज म्हटलं आणि काढला नाही. त्या दिवशी शिडीवर चढताना मी नळी काढली नाही आणि पायरी धरताना बंदुकीचं नाक डाव्या हाताला टेकलं. दोरा नसता तर काढली असती. आता ग्रेगने साइटवर नियम केलाय, नळी काढल्याशिवाय कोणी शिडी चढायचं नाही. घरी आला तेव्हा तो नियम त्याने मलाच वाचून दाखवला.

यात तुमची चूक नाही.

(शेजारी दाराच्या चौकटीचं चित्र)
— सदा


तासगाव,
२६ जानेवारी २०२६

चि. सदा,

चौकटीचं चित्र भिंतीला लावलंय. उजव्या कोपऱ्यातला जोड चुकला आहे, लाकूड ओलाव्याने फुगेल आणि दार अडकेल. तिथे थोडी फट ठेव. ग्रेगला माझा नमस्कार सांग. नलिनीला सांग, हळदीच्या डब्यामागचा दोरा चुलीत घालू नको, असाच राहू दे. पुढच्या खंडेनवमीला अवजारांवर नुसतं फूल ठेवा, हात जोडा, फूल उचलून घ्या आणि मग कामाला लागा. आपल्या घरात आता असंच करायचं. नंदूलाही सांगितलंय.

मी तुझी सगळी पत्रं आज काढून बसलो होतो. सहा वर्षं पत्राखाली मी तेच दोन शब्द लिहीत आलो आणि शेवटी तू ते मानलेस. ते आता मागे घेतो.

घाबरत जा.

अण्णा